असेल कुठेतरी

टाकीतले मासे मोजणं म्हणजे सहलीला नेलेली बालवाडी मोजणं. सातव्यापर्यंत पोचावं तर तिसरा चौथ्याच्या मागे गेलेला असतो. त्यात निऑन टेट्रा हा जेमतेम दीड इंचाचा जीव. अंधारात त्याच्या अंगावरचा निळा पट्टा फिका पडतो, त्यामुळे सकाळी दिवा लावल्यावर थोडा वेळ तो पाण्यात असूनही दिसत नाही. म्हणून मुलगी जेव्हा म्हणाली, "बाबा, आठच आहेत," तेव्हा मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "असेल कुठेतरी."

हे दोन शब्द आमच्याकडे वंशपरंपरेनं आलेत. छत्री, गॅसचं पुस्तक, चष्म्याचं घर, सगळ्यांना हेच उत्तर. एकदा मुंबई सोडून गेलेल्या आणि पुढे पत्र न आलेल्या वडिलांच्या एका मावसभावाबद्दलही आजी शेवटपर्यंत हेच म्हणायची. तिच्या तोंडी त्यात माया होती. माझ्या तोंडी बहुतेक वेळा आळस असतो.

आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबानं ५६ लिटर. वाळू, दगड आणि मुलीच्या हट्टाखातर आणलेला मातीचा किल्ला वजा केला तर पन्नासही नाही. एवढ्याशा पाण्यात 'कुठेतरी' कितीसं मोठं असणार? मासा उडी मारून बाहेर पडू शकतो. झाकणातून पंपाची नळी जाते तेवढी फट त्याला पुरते, आणि चार दिवसांनी केर काढताना स्टँडमागे तो सुक्या मांदेलीसारखा सापडतो. मेलेला मासा दर वेळी वर तरंगतो असंही नाही. पुष्कळदा तो आधी तळाशी जातो, आणि पोटात वायू साठून वर यायच्या आत गोगलगायी आणि बाकीचे मासे त्याला संपवतात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात इवलासा मासा एका रात्रीतही नाहीसा होऊ शकतो. रडायला काटाही उरत नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी धुरकट दिसायला लागलं. झाकण उघडल्यावर वास आला. आठही मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. तेव्हा कुठे मी बाही सरसावून हात घातला. नववा किल्ल्याच्या आत होता. खिडकीतून शिरला असावा आणि त्याला वळता आलं नसावं. तीन दिवस तो मी पेपर वाचत होतो तिथून हातभर अंतरावर होता.

एवढ्याशा जिवानं एवढं पाणी नासावं? जुन्या टाकीत कदाचित कळलंही नसतं. आमची तीनच आठवड्यांची होती, आणि मी खाणंही सढळ हातानं टाकायचो. विष्ठा, उरलेलं खाणं, कुजणारं शरीर या सगळ्यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी, तिसरा त्या मानानं सौम्य, वनस्पती तो शोषूनही घेतात. पण हे जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो. दुकानदार त्याला पाणी मुरणं म्हणतो. लोणच्यासारखंच, घाई केली की बिघडतं. एकूण काय, माझा मासा नाहीसा झालाच नव्हता. तो पाण्यात होता, आणि उरलेले आठ तेच पाणी श्वासात घेत होते.

इथवर माझा निष्काळजीपणा. पुढे जे केलं ते काळजीपोटी केलं, आणि त्यानं जास्त नुकसान झालं.

मयत झालं की घर धुऊन काढायचं, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. अंथरुणं उन्हात, भांडी घासून, फरशी दोनदा पुसून. मी टाकीचं तेच केलं. सगळं पाणी उपसलं, वाळू बादलीत घालून खळखळून धुतली, फिल्टरचा काळा पडलेला स्पंज नळाखाली धरून पिवळाधमक होईपर्यंत पिळला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. टाकी दुकानातल्यासारखी चमकत होती. मला शांत झोप लागली. त्या आठवड्यात तीन मासे गेले.

"स्पंज नळाखाली धुतलात का, साहेब?" दुकानदारानं पहिलं तेच विचारलं. मी मोठ्या अभिमानानं हो म्हणालो. त्यानं कपाळावर हात मारला. जमायला लागलेले जिवाणू प्रामुख्यानं त्या स्पंजात आणि वाळूत असतात आणि नळातल्या क्लोरीननं ते मरतात. ते क्लोरीन माशांच्या कल्ल्यांनाही सोसत नाही. मासा मेला तर आधी तो बाहेर काढायचा, बाकीच्यांना नीट न्याहाळायचं, पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं, तेही औषधाचे थेंब टाकून क्लोरीन काढलेलं, आणि स्पंज टाकीतल्याच उपसलेल्या पाण्यात हलकेच हलवायचा. एखाद-दोन दिवस खाणं बंद. ऐकताना वाटलं, हे तर फार कमी आहे. दुःखात माणसाला एवढं कमी करवत नाही.

शेजारच्या काकूंनी सांत्वन केलं, "वाईट नका वाटून घेऊ, घरावरचं संकट त्यांनी अंगावर घेतलं." ही समजूत हल्ली बरीच पसरली आहे. आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश ठेवायचा. काळा मेला की घरावरची बला गेली म्हणायचं आणि नवा काळा आणायचा. काकूंचं मन मोडवेना म्हणून मी मान डोलावली. पण त्या संकटाचं नाव मला माहीत होतं, आणि ते वर्तमानपत्र वाचत बसलं होतं.

आपल्याकडे मासा पाळण्याची सगळ्यात जुनी गोष्ट मनूची. हात धुताना ओंजळीत इवलासा मासा आला आणि म्हणाला, मला वाचव; आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो. शतपथ ब्राह्मणात ही कथा आहे. मनूनं त्याला घागरीत ठेवलं, वाढल्यावर खड्ड्यात, पुढे समुद्रात. प्रलय आणि नौका आपल्याला आठवते, मला मात्र आता ती घागर आठवते. मासा वाढतोय, त्याला जागा पुरत नाही, हे कळायला मनूला रोज घागरीत डोकवावं लागलं असणार.

विहिरीत हा जाच नसतो. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही पाटी आपण सगळ्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर वाचलेली. डासांच्या अळ्या खायला विहिरीत गप्पी सोडले जातात आणि नंतर त्यांना कोणी मोजत नाही. विहिरीच्या माशाबद्दल 'असेल कुठेतरी' म्हटलं तर ते खरंही असतं. काचेत ठेवलं की ही सोय जाते.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी आमच्याकडे मांदेली तळली होती. मुलगी ताटाकडे बघत राहिली. मी मनाशी काहीबाही उत्तरं जुळवत होतो, तेवढ्यात तिनं लिंबू पिळलं आणि म्हणाली, "यांना आपण नावं नव्हती ठेवली ना." मला तिचा हा तर्क फारसा पटला नाही. पण माझ्याकडे त्याहून बरा नव्हता, म्हणून मीही जेवायला लागलो.

मेलेल्यांचं काय करायचं यावरही घरात थोडी चर्चा झाली. संडासात टाकून पाणी सोडणं सोपं, पण मुलीनं ते ऐकूनही घेतलं नाही. नाल्यात किंवा खाडीत टाकायचं नव्हतं. आजारानं गेला असेल तर तो आजार कशाला वाहत्या पाण्यात सोडा. कुंडीत पुरायचं ठरलं. तुळशीच्या कुंडीकडे वळलेला माझा हात आईनं वरच्या वर धरला. "तिथं नको रे. मोगऱ्यात पूर." मांजरानं उकरू नये म्हणून वीतभर खोल खणलं. चौघांना एकच कुंडी.

तेव्हापासून किल्ला माळ्यावर आहे. सकाळच्या चहाआधी मोजणी होते. आधी मुलगी मोजते, मग मी, आणि आकडा जुळला की मग चिमूटभर खाणं. इतके दिवस पाच येत होते. आज तिला चार आले. मलाही चारच. दिवा नुकताच लावलाय, पट्टा अजून उजळला नसेल, थोडं थांबू, असं मी म्हणणार होतो. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी चहा खाली ठेवला, तिला टॉर्च आणायला सांगितलं आणि स्टँड भिंतीपासून ओढायला घेतला.