बैर-शेबा येथील मुक्काम

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४५:१६ ते ४६:३०



परदेशी असलेल्या मुलांना भेटावयास जाणे ही आता आपल्या मंडळ्यांत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. रविवारी उपासनेच्या अखेरीस पाळकसाहेब सूचना वाचतात, त्यांत अमुक बंधू सहकुटुंब मुलाकडे जात आहेत, तमक्या आजी लेकीच्या बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियास निघाल्या आहेत, त्यांच्या सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना करावी, अशी एखादी सूचना हमखास असते. आपण माना लववून प्रार्थना करतो आणि बाहेर पडताना स्वेटर घेतला का, औषधे घेतली का, एवढे विचारतो. सुखरूप पोहोचणे म्हणजे नेमके काय, याचा विचार आम्हीही कधी केला नव्हता. २०२४ च्या जून महिन्यात आई, सौ. आणि आम्ही असे तिघे बेळगावहून कॅनडात टोरांटो येथे थोरल्या बंधूंकडे गेलो, तेव्हा तो विचार करणे भाग पडले.

पवित्र शास्त्रात आपल्या लेकाला भेटावयास परदेशी निघालेला एक म्हातारा आहे. त्याचे वय १३० वर्षे. याकोबाला मुलांनी सांगितले की योसेफ जिवंत आहे व सर्व मिसर देशावर अधिकारी आहे, तेव्हा त्याचे मन सुन्न झाले, त्याचा विश्वास बसेना. पण योसेफाने पाठविलेल्या गाड्या दारात उभ्या दिसल्या, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. एवढे पुरे आहे, मरण्यापूर्वी मी जाऊन त्याला पाहीन, असे तो म्हणाला.

आमच्या दारातही अशा गाड्या आल्या होत्या; फरक इतकाच की त्या कागदाच्या होत्या. कॅनडा सरकार तेथे स्थायिक झालेल्यांच्या आईवडिलांना व आजीआजोबांना दीर्घ मुक्कामाचा सुपर व्हिसा देते. त्यासाठी मुलाला निमंत्रणाचे पत्र द्यावे लागते, आपल्या मिळकतीचा पुरावा जोडावा लागतो, आईचा सर्व भार उचलण्याचे लेखी वचन द्यावे लागते. शिवाय तिचा आरोग्यविमा व वैद्यकीय तपासणीही लागते. दादांनी हे सर्व कागद आठ दिवसांत पाठविले. आईने ते पदराने पुसून पवित्र शास्त्रात ठेवले. इंग्रजीतले एक अक्षर तिला वाचता येत नव्हते, पण लेकाची सही तिने ओळखली.

आम्हांला मात्र त्या कागदांचा आनंद झाला नाही. त्याचे कारण सांगितल्याशिवाय हे प्रवचन पुढे जाऊ शकत नाही.

आमचे वडील मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत प्रभूकडे गेले. ते दिवस वाचकांना आठवत असतील. भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्च २०२० पासून बंद होती, ती मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. त्यात कॅनडाने २२ एप्रिल २०२१ पासून भारताहून येणारी थेट विमानेही बंद केली होती. मोजक्या माणसांत दफनविधी झाला. येथे दुपारचे चार वाजले होते, तिकडे पहाटेचे साडेसहा. दादांनी तो विधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. हे सर्व आम्हांस ठाऊक होते. तरीही त्या रात्री दुःखाच्या आणि थकव्याच्या भरात आम्ही दादांना एक संदेश लिहून पाठविला : "बापाला माती द्यायला आला नाहीस, आता कशाला येतोस?"

त्याला उत्तर आले नाही. दादा दर रविवारी आईशी बोलत, पैसेही पाठवीत. पण विमाने सुरू झाल्यावरही ते बेळगावला आले नाहीत. कामाची निमित्ते सांगत. आम्ही मनात म्हणालो, पैसे पाठवून हे मोकळे झाले. या तीन वर्षांत आम्ही दोनदा उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर प्रवचन केले आणि दोन्ही वेळा मंडळीने फार बरे वाटले म्हणून सांगितले. वयाने आम्ही धाकटे. पण घराबाहेर उभा राहून कुरकुरणारा त्या दाखल्यातील वडील भाऊ आम्हीच होतो, हे आमच्या ध्यानात आले नाही.

निघण्याची तयारी सुरू झाली. सामानाची मर्यादा माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगांची. काळा मसाला, पापड, लसणाची चटणी, नातवंडांचे कपडे, असे करता करता वजन वाढले. ताणकाट्याला बॅग लावायची, काहीतरी काढायचे, पुन्हा लावायची, असे दोन रात्री चालले. वडिलांचे जुने ‘उपासना संगीत’ मात्र आईने कोणाला काढू दिले नाही. ते तिने हातातल्या पिशवीत घेतले. इतके काटेकोर वजन करूनही, जे तीन वर्षे उरात वागवीत होतो ते आम्ही एकदाही काट्याला लावले नाही.

आता याकोबाकडे पाहू. हेब्रोनाहून निघालेला याकोब तडक मिसरात गेला नाही. तो बैर-शेबा येथे थांबला. पुढे रान आहे आणि रानापलीकडे परका देश. तेथे त्याने आपला बाप इसहाक याच्या देवाला अर्पणे केली. गाड्या तयार, मुलगा वाट पाहत असलेला, मग हा मुक्काम कशासाठी? रात्रीच्या दर्शनात देवाने त्याला मिसरात जाण्यास भिऊ नको असे सांगितले, यावरून तो भ्याला होता हे उघड आहे. त्याचा आजा अब्राहाम दुष्काळात मिसरात गेला तो तेथे संकटात सापडला. बाप इसहाक याला तर देवाने मिसरात जाऊच नको म्हणून बजावले होते. आणि आम्हांला वाटते, त्याला आणखीही एक भीती असेल. बावीस वर्षांपूर्वी गेलेला सतरा वर्षांचा पोर आता कसा झाला असेल? आपल्याला तो ओळखील काय? आपल्याविषयी त्याच्या मनात काय असेल?

ही भीती निराधार नव्हती. योसेफ तिसाव्या वर्षी फारोपुढे उभा राहिला. त्यानंतर सुकाळाची सात वर्षे गेली, दुष्काळाची दोन गेली. नऊ वर्षे तो सत्तेवर होता. त्याच्या हाती रथ होते, जासूद होते. तरी हेब्रोनास एक निरोप त्याने पाठविला नाही. उलट थोरल्या मुलाचे नाव त्याने मनश्शे ठेवले आणि देवाने मला माझ्या बापाच्या घराचा विसर पाडला असे म्हटले. बापाला राग धरावयाचाच असता, तर कारण पुरेसे होते.

आमचे बैर-शेबा आम्हांस दुबईच्या विमानतळावर लागले. पुढचे विमान पहाटेचे होते. सौ. बाकावर डुलकी घेत होत्या. आई चाकाच्या खुर्चीत शाल पांघरून बसली होती. ती एकाएकी म्हणाली, "तो गावाकडे का येत नाही, हे तुला ठाऊक आहे."

आम्ही गप्प राहिलो.

"मी त्याला विचारणार नाही," आई म्हणाली. "तूही विचारू नकोस. मला त्याला डोळे भरून पाहायचं आहे, त्याचा हिशेब घ्यायचा नाही."

तेव्हा आम्ही मोबाइल काढला आणि तीन वर्षांपूर्वीचा तो संदेश शोधून वाचला. आपल्या हाताने लिहिलेले वाक्य परक्याचे असावे तसे वाचले. ‘आता कशाला येतोस?’ दादांनी त्या वाक्याचे पालन केले होते, इतकेच. आम्ही येऊ नको म्हटले होते आणि ते आले नव्हते. आणि ते येत नाहीत म्हणून आम्ही तीन वर्षे त्यांनाच दोषी धरीत होतो.

आम्ही आईला सर्व सांगितले. ती रागावली नाही. तिने आमचा हात धरला आणि तेथेच, माणसांच्या त्या गर्दीत, हलक्या आवाजात प्रार्थना केली. नंतर म्हणाली, "आता त्याला कळव. पोचायच्या आधी."

बंधुभगिनींनो, याकोबाने गोशेनाची वाट दाखविण्यासाठी आपल्यापुढे कोणाला पाठविले, हे शेहेचाळिसाव्या अध्यायात सांगितले आहे. त्याने यहूदाला पाठविले. योसेफाला विकून टाकू असे सुचविणारा तो हाच यहूदा. ज्याने वाट मोडली त्यालाच पुढे पाठवून वाट उघडावी, ही देवाची रीत आहे. आम्ही लिहिले : "दादा, आम्ही येत आहोत. त्या रात्री मी लिहिले ते पाप होते. मला क्षमा कर." तो निरोप पुढे गेला आणि आम्ही विमानात चढलो.

दुबईहून टोरांटोचे उड्डाण सुमारे चौदा तासांचे आहे. मुंबईपासून धरल्यास अंतर तेरा हजार किलोमीटरांच्या घरात जाते. फार वेळ बसून राहिल्यास पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांनी आईला अधूनमधून चालविण्यास व पाणी पाजण्यास सांगितले होते. तिला धरून आम्ही त्या अरुंद वाटेने कितीदा तरी फेऱ्या घातल्या. निरोपाचे उत्तर आले की नाही हे कळण्यास मार्ग नव्हता. योसेफाने भावांना निरोप देताना वाटेत भांडू नका असे बजावले होते. आमचे भांडण वाटेभर आमच्याशीच चालले होते.

टोरांटोस उतरलो तेव्हा तेथे सकाळ होती. परवाने तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आईला, कोणाकडे आलात, असे इंग्रजीत विचारले. भाषा न कळताही तिने मराठीत उत्तर दिले, "लेकाकडे." आम्ही अर्थ सांगण्यापूर्वीच त्याने शिक्का मारला.

बाहेर दादा उभे होते. केस पांढरे झाले होते. आईच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून त्यांनी तिच्या मांडीवर डोके ठेवले. मग उठून आमच्या गळ्यात पडले आणि एवढेच म्हणाले, "तुझा निरोप पोचला." योसेफ बापाच्या गळ्यात पडून बराच वेळ रडला, असे शास्त्र सांगते. त्या भेटीत याकोबाने नऊ वर्षांच्या मौनाविषयी एक अक्षर विचारल्याची नोंद नाही. तो म्हणाला ते इतकेच, की तुझे तोंड पाहिले, आता मला सुखाने मरण येवो.

पुढे आठवड्याने एका रात्री दादा बोलले. "यायचं होतं रे. दोनदा तिकीट पाहिलं. पण बाबा नसलेल्या घरात तुझ्यासमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही." तेव्हा आईने ‘उपासना संगीत’ उघडून त्यांच्यापुढे ठेवले. एका गीताच्या कडेला वडिलांच्या पेन्सिलीची बारीक नोंद होती : २००३ सालातील एक तारीख, दादा देश सोडून निघाले त्या दिवसाची, आणि पुढे त्यांचे नाव. त्या रात्री वडिलांनी ते गीत म्हटले होते. दादा त्या अक्षरांवरून बराच वेळ बोट फिरवीत राहिले.

आमची तीन वर्षे परत आली नाहीत. याकोबाचीही बावीस परत आली नाहीत. पण देवाने त्याला मिसरात सतरा वर्षे दिली. योसेफ लहानपणी त्याच्याजवळ राहिला होता तितकीच. क्षमा गेलेला काळ परत देत नाही. उरलेला काळ मात्र राखून देते.

अंतराविषयी आपण फार बोलतो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेहून जहाजाने निघाले आणि १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. १८२६ साली नाशिककडील दौऱ्यावर पटकीने त्यांचा अंत झाला. मायदेश त्यांना पुन्हा दिसला नाही. त्या काळी घरची पत्रे महिनोन् महिने समुद्रावर असत. आज पडद्यावर बोट लावले की माणसाचा चेहरा समोर येतो, आणि त्या सोयीत आम्ही तीन वर्षे भावापासून दूर राहिलो.

म्हणून ज्यांची बॅग भरली जात आहे त्यांना आमची विनंती आहे : बैर-शेबा येथे मुक्काम करा. उराशी काय घेऊन निघालो आहोत, ते देवापुढे उघडा. यहूदाला पुढे पाठवा. क्षमा मागावयाची असेल तर पोहोचण्यापूर्वी मागा. ज्यांच्याजवळ तिकिटाचे पैसे नाहीत, त्यांनाही हा मुक्काम मोकळा आहे. त्याला पासपोर्ट लागत नाही. आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, योसेफाची गोष्ट रंगीत झग्यावर सुरू करून त्याच्या वैभवावर संपवू नका. मुलांना त्या म्हाताऱ्यासोबत बैर-शेबापर्यंत न्या. मोठेपणी त्यांतील कितीतरी जण दूर जातील; घरी परतण्याची वाट त्यांना आजच ठाऊक असू द्या.

देवाने याकोबाला वाट सोपी करून देण्याचे वचन दिले नाही. तो स्वतः त्याच्याबरोबर मिसरात येईल, असे दिले. आणि समय पूर्ण झाला तेव्हा तो आपल्या पुत्राच्या ठायी खरोखरच उतरून आला, रुसलेल्या लेकरांच्या दारापर्यंत. हिशेब मागावयास नव्हे, गळ्यात पडावयास. त्याच्या त्या प्रवासापुढे आपले तेरा हजार किलोमीटर ते किती!

हे प्रभो, दूर असलेल्या आमच्या माणसांना सांभाळ, आणि आम्हांला त्यांच्याकडे रिकाम्या उराने जाण्याची कृपा दे. आमेन.