सामोरे आलेले बंधू
(प्रेषितांची कृत्ये 28:13-15)

इ. स. 60 च्या सुमारास पौल बंदिवान होऊन रोम नगरास चालला होता. वाटेत तारू फुटले होते. पुत्युलास येथे उतरल्यावर पुढे अप्पियाचा फरसबंद राजमार्ग लागला. नगर परके, हाती बेडी, आणि पुढे कैसराचा न्याय.

इतक्यात रोमचे बंधुजन सामोरे आले. कित्येक तीन उतारशाळांपर्यंत, म्हणजे सुमारे 30 मैल. कित्येक अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे सुमारे 40 मैल चालून आले. पौलाचे पत्र त्यांस पूर्वीच पोहोचले होते, परंतु तो स्वतः रोमास कधी गेला नव्हता. त्यांनी त्याची बेडी तोडिली नाही. ते सामर्थ्य त्यांस नव्हते. परंतु बेडी पाहून ते लाजलेही नाहीत. तेवढ्यानेच पौलाने देवाचे उपकार मानिले व त्यास धीर आला.

आम्ही काय करितो? खटल्यात सापडलेला बंधू तुरुंगातून सुटून गावी येतो, तेव्हा आम्ही दार लोटून घेतो की वेशीपर्यंत जातो? त्याचे ओझे कदाचित आम्हांस उचलवणार नाही. पण चार पावले सामोरे जाणे कोणास अशक्य आहे? प्रभू आम्हांस तशी पावले देवो. आमेन.