बांधाच्या दोन बाजू



माघ सरत आलाय. इंदूरपासून तासाभरावर आमची 5 बिघे जमीन आहे, आठवड्यातून दोनदा आम्ही दोघं तिथे जातो. पळस फुललाय. आंब्याचा मोहर ढगाळ हवेने निम्मा काळवंडला, पण गहू असा उभा आहे की दृष्ट लागावी. ओंब्या चिकात आल्यात.

यंदा हिवाळ्यात मावठा फार झाला. डिसेंबरअखेर पहिला पाऊस आला तेव्हा गव्हाला पाणी द्यायचंच होतं. शेतीची लाइट रात्रीची, म्हणजे ह्यांनी थंडीत मोटरीपाशी जागायचं. त्याच संध्याकाळी आभाळातून पाणी आलं! गावातल्या गुरुवारच्या सत्संगात आम्ही हा अनुभव सांगितला, महाराजांनीच पाणी धाडलं म्हणून. सगळ्यांनी जयजयकार केला. शेतशेजारच्या भाभींनीही हात जोडले.

बांधापलीकडे त्यांचा हरभरा आहे. तो तेव्हा ऐन फुलात होता. त्या पावसाने फुलं झडली, पानांवरची आंब धुऊन गेली, पुढे ढगाळ हवेत घाटेअळी पडली. उरलेलं रोप ओलीने माजलं, नुसता पाला. शेंडे खुडून त्यांनी आम्हालाच दोनदा भाजी दिली. आम्ही ती मिटक्या मारत खाल्ली आणि तरीही काही लक्षात आलं नाही.

परवा बांधावर भाभी सहज म्हणाल्या, "दीदी, पाणी तुमच्यासाठी धाडलं ना, मग ते आमच्याकडे कसं काय आलं?" रागाने नाही. खरोखर विचारलं.

घरी येईपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. प्रारब्ध म्हणावं, तर ते बांधाच्या आमच्या बाजूने म्हणायला फार सोपं आहे. स्वतःचा गहू लोळला असता तर आम्ही तोच शब्द इतक्या शांतपणे उच्चारला असता का? बरं, पावसाला काही कळत नाही, असं म्हणून मोकळं व्हावं, तर मग त्या संध्याकाळी भरून आलं होतं ते काय होतं? तेही खोटं नव्हतं.

आणखी एक गोष्ट टोचतेय. भाभींनी हरभरा का पेरला? त्यांच्याकडे बोअर नाही. हरभरा जमिनीतल्या ओलीवर निघतो, गव्हाला चार-पाच पाणी लागतात. आमच्याकडे सासऱ्यांनी घेतलेला बोअर आहे, म्हणून आमचा गहू, म्हणून तो पाऊस आम्हाला मानवला. कृपा आम्ही पावसात शोधली. सासऱ्यांचं नाव मात्र त्या अनुभवात एकदाही आलं नाही.

कृतज्ञ राहू नये असं नाही म्हणत आम्ही. पण देवघरात हात जोडणं वेगळं आणि ज्यांचं नुकसान झालंय त्यांच्यासमोर माइकवर सांगणं वेगळं. त्या जयजयकारात भाभींनी हात जोडले तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल, हे आम्ही दोन महिने विचारलंच नाही.

पुढच्या वर्षी त्यांना एक-दोन पाणी आमच्या बोअरचं देता येईल का, यावर घरी बोलणं चाललंय. पाइप लांबवावा लागेल, लाइटबिलाचं कसं करायचं हेही आहे. ह्यांचं म्हणणं, आधी भाभींना विचारा, त्यांना घ्यायला आवडेल का.

येत्या गुरुवारी अनुभव सांगायची पाळी पुन्हा आमची आहे.