सोयीचं वचन

१८०७ साली लंडनमध्ये बायबलची एक विचित्र आवृत्ती छापून निघाली. वेस्ट इंडीजच्या ब्रिटिश बेटांवर उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांसाठी ती मुद्दाम तयार केली होती. प्रोटेस्टंट बायबलचे अध्याय ११८९. या पुस्तकात उरले २३२. जुन्या कराराचा जेमतेम दहावा हिस्सा, नव्या कराराचा साधारण निम्मा. स्तोत्रसंहिता सगळीच्या सगळी गायब, प्रकटीकरण गायब. कात्री कशी चालली हे पाहायचं तर योसेफाच्या गोष्टीपाशी थांबावं. भाऊ योसेफाला विकतात, तो मिसर देशात गुलाम होतो, इमानाने चाकरी करतो, देव त्याचं भलं करतो आणि तो मोठ्या हुद्द्याला चढतो. ही गोष्ट ठेवली आहे. मग पान उलटावं तर एकदम निर्गमाचा एकोणिसावा अध्याय: इस्राएल लोक सीनाय डोंगराच्या पायथ्याशी उभे, पाठोपाठ दहा आज्ञा. हे लोक मिसरातून इथवर आले कसे? फारोने त्यांना विटा पाडायला जुंपलं होतं, मोशे जन्मला, पीडांमागून पीडा आल्या, समुद्र दुभंगला आणि गुलामांची अख्खी जमात मालकाच्या हातून निसटली. यातलं अवाक्षर पुस्तकात नाही. सुटका वगळली, सुटकेनंतर मिळालेले नियम मात्र जसेच्या तसे ठेवले.

हे काम करणारे लोक उघड दुष्ट असते तर प्रश्न सोपा होता. या उपक्रमामागे होते लंडनचे बिशप बेल्बी पोर्टियस, आणि ते गुलामांच्या व्यापाराचे विरोधक म्हणून ओळखले जात. १७८३ मध्ये त्यांनी 'सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल' या मिशनरी संस्थेला तिच्याच वार्षिक उपासनेत खडे बोल सुनावले होते. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली तीही १८०७ सालीच. पण व्यापार थांबला तरी मळ्यावरचा गुलाम गुलामच राहिला, आणि त्याच्यापर्यंत पोचायचं तर मळेवाल्याची परवानगी हवी. मळेवाल्याला येशू चालत होता. मोशे नको होता. सज्जनांनी तडजोड केली. शास्त्राला लागलेली बरीचशी कात्री अशीच, भल्या हेतूने, कुणाच्या तरी परवानगीसाठी लागलेली असते.

त्या सोसायटीला खडे बोल का सुनवावे लागले, तेही सांगायला हवं. १७१० मध्ये क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन नावाचा धनिक वारला आणि बार्बाडोसमधले आपले उसाचे मळे गुलामांसकट या सोसायटीला ठेवून गेला. शुभवर्तमानाचा प्रसार करणारी संस्था अशी गुलामांची मालकीण झाली. सुरुवातीच्या काळात तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने 'सोसायटी' हा शब्द डागला जाई. पुढे ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाली तेव्हा सरकारने भरपाई दिली ती मालकांना. ४११ माणसांच्या बदल्यात सोसायटीला आठ हजार आठशे पौंडांच्या वर रक्कम मिळाली. त्या ४११ जणांना काही मिळालं नाही. चर्च ऑफ इंग्लंडने या प्रकाराबद्दल माफी मागितली २००६ मध्ये. याच सोसायटीचे मिशनरी पुढे आपल्या नगर भागात आले, शाळा काढल्या, दुष्काळात लोकांना जगवलं. संस्था तीच. माणसांचा आणि संस्थांचा हिशेब एका रकान्यात बसत नाही, तो असा.

तरी त्या १८०७च्या पुस्तकाच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. त्याच्या शीर्षकपानावरच छापलं होतं की हे बायबलचे निवडक भाग आहेत. निवडणाऱ्याने निवड कबूल केली होती. खरी गोम आहे ती अख्खं बायबल हातात धरून निवडक वाचणाऱ्यांची.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १८२९ पासून गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे तिथे पानं गाळायचीही गरज उरली नाही. पाळक जेवढं सांगेल तेवढंच शास्त्र. चार्ल्स कोलकॉक जोन्स हा तिथला प्रेस्बिटेरियन पाळक, स्वतः गुलामांचा मालक, आणि गुलामांना तोंडी धर्मशिक्षण देण्याच्या कामाला त्याने जन्म वाहिलेला. १८३३च्या सुमारास एकदा त्याने मोठ्या जमावापुढे पौलाच्या फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रावर प्रवचन केलं. पळून आलेल्या अनेसिमाला पौलाने मालकाकडे परत पाठवलं, तेव्हा पळून जाणं हे पाप, असा मथितार्थ. प्रवचन चालू असतानाच अर्धा जमाव उठला आणि चालता झाला. उरलेलेही खूश नव्हते. असलं पत्र बायबलमध्ये नाहीच, असं काहींनी शपथेवर सांगितलं. हे शुभवर्तमान नव्हे, असं काही म्हणाले. तुम्ही मालकांना खूश करायला बोलता, असं काहींनी तोंडावर सुनावलं. जोन्सने हे सगळं स्वतःच्या अहवालात प्रामाणिकपणे नोंदवलं आहे म्हणून आपल्याला कळतं. ज्यांना अक्षर वाचायची मनाई होती त्यांनी शास्त्राचा असा निवाडा केला, आणि माझ्या मते तो त्या दिवशी व्यासपीठावरून झालेल्या निवाड्यापेक्षा सरस होता.

पत्र मात्र बायबलमध्ये आहे. इथेच अडचण सुरू होते. अमेरिकेच्या दक्षिणेतले गुलामगिरीचे समर्थक पाळक अडाणी नव्हते, आणि त्यांची वचनं खोटी नव्हती. व्हर्जिनियाचा बॅप्टिस्ट थॉर्न्टन स्ट्रिंगफेलो याने १८४१ मध्ये शास्त्राधाराने गुलामगिरीचं मंडन केलं. अब्राहामाकडे गुलाम होते. परक्या देशांतून गुलाम विकत घ्यायला लेवीय ग्रंथात मुभा आहे. पौल दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगतो, एकदा नव्हे, अनेकदा. येशूने गुलामगिरीचा नाव घेऊन निषेध केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. अध्याय आणि ओवी दाखवायची स्पर्धा असती तर ती दक्षिणेने सहज जिंकली असती. विरोधकांना सारखं शास्त्राच्या एकूण रोखाकडे, त्यातल्या करुणेकडे बोट दाखवावं लागे. आणि मग 'तुम्हीच शास्त्र सोडून बोलता' असा ठपका त्यांच्यावर यायचा.

पण अक्षराचा एवढा आग्रह धरणाऱ्यांनी कुठली अक्षरं सोडली? माणूस पळवून विकणाऱ्याला देहदंड द्यावा, असं निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. धन्याकडून पळून आलेल्या दासाला परत धन्याच्या हाती देऊ नये, असं 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेविसाव्यात आहे. अमेरिकेने १८५० मध्ये नेमका याच्या उलट कायदा केला आणि कितीतरी पाळकांनी त्याची पाठराखण केली. मजूर राबवून मजुरी बुडवणाऱ्यावर तर संदेष्ट्यांनी कोरडे ओढलेले आहेत. आणि लग्न? देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये, हे वचन येशूचं स्वतःचं. गोऱ्यांच्या घरात घटस्फोट म्हणजे चर्चमध्ये मान खाली. गुलाम नवऱ्याला मिसिसिपीला विकलं आणि बायको इथेच राहिली, तर? १८३५ मध्ये जॉर्जिया-साउथ कॅरोलिनाच्या सीमेवरच्या एका बॅप्टिस्ट संघापुढे हा प्रश्न आला. त्यांनी तोड काढली: अशी ताटातूट व्यवहारात मृत्यूसारखीच समजावी, आणि पुन्हा लग्न करायला हरकत घेऊ नये. विकणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. देवाने जोडलेलं तोडणारा माणूस त्याच मंडळीत, बहुधा पुढच्या बाकावर बसलेला होता.

फ्रेडरिक डग्लस या पळून सुटलेल्या गुलामाने १८४५ मध्ये आत्मकथा लिहिली, त्यात त्याचा मालक थॉमस ऑल्ड भेटतो. ऑगस्ट १८३२ मध्ये मेथडिस्टांच्या एका मेळाव्यात ऑल्डला धर्माचा साक्षात्कार झाला. आता तो आपल्याला सोडेल, निदान जरा मवाळ होईल, अशी डग्लसला आशा वाटली. झालं उलटं. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाली आणि क्रूरपणाला आता शास्त्राची जोड मिळाली. लहानपणी आगीत पडून हात जळालेली, कामाला फारशी उपयोगी नसलेली एक तरुण गुलाम मुलगी होती. तिला बांधून, उघड्या खांद्यावर रक्त येईतो चाबकाने फोडताना ऑल्ड वचन म्हणायचा: धन्याची इच्छा माहीत असून न वागणाऱ्या दासाला पुष्कळ फटके बसतील. लूकाच्या बाराव्या अध्यायातलं, सत्तेचाळिसावं. आता तोच अध्याय उघडून दोन ओव्या वर जावं. फटके कुणाला बसणार आहेत? धनी यायला उशीर लावतोय असं पाहून जो कारभारी घरातल्या गडी-मोलकरणींना मारहाण करू लागतो आणि खाण्यापिण्यात दंग होतो, त्याला. म्हणजे येशूच्या दृष्टांतातला तो चाबूक थेट ऑल्डसारख्यांच्या पाठीवर रोखलेला आहे. आणि एक ओवी खाली उतरलं तर, ज्याला पुष्कळ दिलं त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल, असं आहे. वरची ओवी गाळली, खालची गाळली, मधली तेवढी तोंडपाठ.

म्हणजे निवडून वाचणं हेच ढोंग का? तसं म्हणवत नाही. हजारो वर्षांचा, अनेक हातांनी लिहिलेला ग्रंथ निवडीशिवाय कुणाला जगता येत नाही. हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मचिंतकाने आपल्या आजीची आठवण लिहिली आहे. तिचा जन्म गुलामगिरीतला. तिला वाचता येत नसे, म्हणून लहानगा थर्मन तिला बायबल वाचून दाखवी. स्तोत्रं चालत, यशया चाले, शुभवर्तमानं पुन्हा पुन्हा चालत. पौलाची पत्रं मात्र नाहीत. अपवाद एकच, करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला प्रेमाचा अध्याय, तोही कधीमधी. मोठेपणी त्याने कारण विचारलं. तिने सांगितलं: मालकाचा पाळक वर्षातून तीन-चारदा तरी पौलाचं तेच वचन घेऊन उभा राहायचा, दासांनो, धन्याची आज्ञा पाळा. सुटका झाली आणि अक्षर आलं तर तो भाग कधी वाचायचा नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं होतं.

आजीनेही पानं गाळली, बिशपनेही गाळली. फरक कुठे? आजीने काय गाळलं आणि का, हे ती उघड सांगत होती, आणि तिच्या गाळण्याने दुसऱ्या कुणाच्या पाठीवर वळ उठत नव्हता. ढोंगी माणसाची निवड ओळखायची खूण सोपी आहे. जे वचन त्याच्या खिशाला किंवा सत्तेला भिडतं ते 'त्या काळापुरतं' असतं. जे दुसऱ्याला बांधतं ते त्रिकालाबाधित असतं. (एवढं वाचून कुणा मराठी वाचकाला गुदगुल्या होत असतील, तर आपल्याकडे समुद्रपर्यटनाचं पातक कुणासाठी आणि कधी सौम्य झालं, ते त्याने आठवून पाहावं.)

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना दास्यातून सोडवल्याबद्दल. ते अर्पण योग्यच होतं. पण ज्या यादवी युद्धातून ती सुटका झाली त्यात दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या पडशीत पुस्तक एकच होतं. ज्यू-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हा भेद ख्रिस्तात उरला नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं वचन १८०७च्या पुस्तकात नव्हतं. गोव्यात ते कुणी गाळलं नाही, चर्चमध्ये वाचलंही जातं. तरी तिथल्या कोंफ्रारींचं, म्हणजे चर्चशी जोडलेल्या धार्मिक मंडळांचं, सभासदत्व पिढ्यानपिढ्या जातीवर ठरत आलं, कुंकळ्ळीत चर्चच्या फेस्ताच्या मानावरून गावकार (गावच्या मूळ घराण्यांचे वंशज) आणि इतर यांच्यात वर्षानुवर्षं वाद धुमसला, आणि लग्नाच्या जाहिरातींत 'रोमन कॅथलिक ब्राह्मण' स्थळ शोधलं जात राहिलं. छापलेलं वचनसुद्धा न वाचता येतं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच ओळीतली. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनमच्या महिला कॉलेजात होत्या. तिथे इंग्रज तरुणांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचा प्रभाव राहणार नाही. रमाबाईंनी कळवलं की माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवण्याला ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली, ना नवऱ्याने. ती इंग्रजांनी घ्यावी याचं नवल वाटतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे वैदिक ब्राह्मण होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या उत्तराची धार कळते. पुढे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते खिळे जुळवून छापलं.

बाईने पुरुषाला शिकवू नये, हे वचन तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. जून २०२३ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या बलाढ्य मंडळीची हकालपट्टी कायम केली, कारण तिथे एक बाई पाळक म्हणून शिकवत होती. ही संघटना जन्मली १८४५ मध्ये, गुलामांचा मालक मिशनरी होऊ शकतो का या वादातून फुटून. तिचं म्हणणं होतं, होऊ शकतो. त्याबद्दल तिने माफी मागितली १९९५ मध्ये.

ते पत्र फार मोठं नाही, सहा अध्यायांचं. पहिल्याच अध्यायात अधर्म्यांची यादी आहे आणि तिच्यात माणसं पळवून विकणारे आहेत. १८४५ मध्ये ती ओळ फारशी कामाची नव्हती. सहाव्यात दासांनी धन्यांना मान द्यावा असं आहे, ती होती. तिसऱ्यात मंडळीचा पुढारी निर्दोष असावा, बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं, असं आहे. मे २०२२ मध्ये याच संघटनेने नेमलेल्या चौकशीतून बाहेर आलं, की लैंगिक अत्याचाराचे आरोप असलेल्या पाळकांची आणि चर्चच्या माणसांची सातशेहून अधिक नावांची यादी मुख्यालयातल्या लोकांनी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती आणि मंडळ्यांना तिचा पत्ता नव्हता. आणि दुसऱ्या अध्यायात, बाईने शिकवू नये या ओवीच्या अवघ्या तीन ओव्या आधी, बायकांनी केस गुंफू नयेत, सोनं, मोती आणि महागडी वस्त्रं घालू नयेत, असं तितक्याच स्वच्छ शब्दांत लिहिलं आहे. मोत्यांची माळ दिसली म्हणून कुठल्या मंडळीला बाहेर काढल्याचं अद्याप ऐकिवात नाही.