लेकराचा हक्क

देवाला बाप म्हणायचं आणि वागायचं मात्र त्याला फौजदार समजून, ही आपल्याकडच्या बऱ्याच भाविकांची रीत. ख्रिस्ती घरंही त्याला अपवाद नाहीत. रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना होते तेव्हा ‘पिता’ तोंडात असतो. सोमवारी लेकरू तापाने फणफणलं की ‘हे माझ्या कोणत्या पापाचं फळ’ म्हणून हिशेब सुरू.

पंडिता रमाबाईंनाही हे चुकलं नाही. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सरळ सांगतात, की पुढची कित्येक वर्षं हाती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. विद्वत्तेत त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. सेवेतही काही कमी नव्हतं. विधवांसाठीचं शारदा सदन 1889 मध्ये, याच काळात उभं राहिलं. नव्हती ती खात्री. आधी आपण लायक व्हायचं आणि मग देवाने पदरात घ्यायचं, हा क्रमच उलटा आहे, हे त्यांना 1891 च्या सुमारास उमगलं.

नवल याचं, की बापाची माया त्यांना कुणी शिकवायला नको होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. पुढे दक्षिणेतल्या दुष्काळात हे कुटुंब अन्नाला महाग झालं. शास्त्रीबुवांची दृष्टी गेली होती, अंगात त्राण उरलं नव्हतं. शेवट जवळ आला तसं त्यांनी धाकट्या लेकीला कवटाळलं, तिच्यावर आपला किती जीव आहे ते सांगितलं आणि तिला देवाच्या हवाली केलं. द्यायला मूठभर दाणे नव्हते. ती मिठी मात्र तीस वर्षांनंतर लिहितानाही रमाबाईंना जशीच्या तशी आठवते.

देवाशी अशी लेकराची सलगी मराठवाड्याला परकी नाही. नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव विठ्ठलावर रुसतात, त्याच्याशी भांडतात. ज्याला घरातून हाकलण्याची धास्ती आहे तो असा भांडत नाही. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड टिळक ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारतात, तेही याच भक्तिपरंपरेतून.

भरवसा मिळाला म्हणजे दुःख टळलं, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने पित्याला हाक मारली, तरी समोरचा प्याला टळला नाही. रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा 1921 मध्ये गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी तरीही सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. नांदेडहून पनवेलला जाणारी गाडी त्यांचं कार्यस्थान असलेलं केडगाव ओलांडूनच पुण्याकडे जाते. प्रवासात कधी जाग असेल तर आठवण ठेवा.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळा पुत्र घरी परततो, तोही मजूर म्हणून राहायचं मनाशी ठरवून. त्याचं घोकलेलं वाक्य बाप पुरतं होऊच देत नाही. थोरल्याची गोष्ट आपण कमी सांगतो. तो घर सोडून कधी गेला नाही, पण बापाच्या रानात मजुरासारखाच राबला आणि राबल्याचं टिपण ठेवत राहिला. मंडळीत नेमाने पुढच्या बाकावर बसणारे आपण बहुतेक या थोरल्याच्या वळणाचे.

इथे नांदेडच्या विष्णुपुरीत अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे निकालाचे दिवस लपत नाहीत. मागच्या निकालानंतर टपरीवर एक पोरगा फोनवर म्हणाला, “निघालो बाबा, सगळे विषय निघाले.” फोन खिशात टाकला आणि मित्राला म्हणाला, “तीन बॅक हायत. घरी कसं सांगू?” चहा तसाच गार झाला. पलीकडचा बाप त्या वेळी सोयाबीनच्या रानात उभा राहून खूश झाला असेल. त्याचं पोरावर प्रेम नाही, असं कोण म्हणेल? पण नापास झाल्यावरही ते टिकेल, एवढा भरवसा पोराला कुणी दिलेला नाही. देवाशीही आपण हेच करतो. प्रार्थनेत पास झालेले विषय तेवढे सांगतो.

ज्यांच्या घरी बाप दारू पिऊन हात उचलतो, त्या लेकरांपुढे देवाला ‘बाप’ म्हणताना मात्र जीभ सांभाळावी. त्यांना आधी बापासारखं वागणारं एखादं माणूस हवं असतं. प्रवचन मागाहून चालेल.

पुढचा निकाल आता लांब नाही. गावाकडच्या आईबापांनो, त्या दिवशी फोन तुम्हीच लावा. ‘किती राहिले’ हे नंतर विचारा. आधी एवढंच सांगा, की पास असो वा नापास, शनिवारच्या एसटीने घरी ये.