पैजेचे धन कोणाचे?

भातकापणी आटोपली की आपल्या जोयडा तालुक्यात खेळांचे दिवस सुरू होतात. डोंगर आणि रान यांनी व्यापलेल्या या मुलखात सपाट जागा म्हणजे कापलेले शेत. धसकटे काढून, राखेने रेषा आखून आणि वेळू रोवून मुले तेथे फुटबॉलचे मैदान उभे करितात. घाट उतरला की गोवा. तेव्हा त्या खेळाचे वारे इकडे वाहावे यात नवल नाही. आपल्या देवस्थानच्या जत्रेतही गेली काही वर्षे हे सामने होत आहेत.

या वर्षी त्यांच्या संबंधात मंडळापुढे एक प्रश्न आला आहे. एका गृहस्थांनी पहिले बक्षीस म्हणून २५,००० रुपये आणि रात्रीच्या सामन्यांसाठी दिव्यांची सोय देऊ केली आहे. हे गृहस्थ सामन्यांवर पैजा घेतात, ही गोष्ट गावात कोणापासून लपलेली नाही. देणगी घ्यावी की न घ्यावी, याविषयी दोन मते पडली आहेत. या वादात बोलण्याचा अधिकार मला वयाने नाही आणि विद्येनेही नाही. माझे शिक्षण हायस्कुलापुरतेच. परंतु या वाटेवर मी स्वतः एकदा घसरलो आहे, आणि घसरलेल्याला चिखलाची खोली काठावरच्या माणसापेक्षा थोडी अधिक कळते. एवढ्याच आधारावर लिहिण्याचे धाडस करितो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सामन्यातील दोन्ही संघांतून आपल्या पसंतीचे अकरा खेळाडू निवडावयाचे, प्रवेशशुल्क भरावयाचे आणि त्यांच्या कामगिरीवर मिळणाऱ्या गुणांनुसार बक्षीस मिळवावयाचे, असा एक खेळ तेव्हा फोनवर चालत असे. आमच्या घरी रेंज मिळत नाही. त्यासाठी मागच्या टेकडीवर चढावे लागते. एका सत्यनारायणाच्या पूजेची दक्षिणा अण्णांनी माझ्या हाती दिली होती. तीतील २०० रुपये मी त्या खेळात लाविले. सामना गोव्याच्या संघाचा होता. आम्ही पाचसहा जण टेकडीवर एका फोनभोवती बसलो होतो. उत्तरार्धात गोव्याने गोल केला. सारे ओरडून उठले. मी एकटा बसून राहिलो. गोल करणारा खेळाडू माझ्या अकरांत नव्हता! लहानपणापासून ज्या संघावर जीव लाविला, त्याच्या विजयाने माझ्या पोटात गोळा आला. पुढे दैव फिरले आणि मला ९०० रुपये मिळाले. म्हणजे निव्वळ लाभ ७०० रुपयांचा.

ते पैसे काढून आणून मी अण्णांपुढे ठेविले आणि सर्व सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारिले, “हे कोणाचे?” मी म्हटले, “जिंकले, म्हणजे माझे.” ते म्हणाले, “दक्षिणा देणारा समोर बसलेला असतो. त्याचे तोंड मी पाहिलेले असते. हे देणाऱ्याचे तोंड तू पाहिले आहेस काय?” मी गप्प राहिलो. “मग देवाच्या पेटीत टाकतो,” असे म्हणताच ते म्हणाले, “ज्याचे आहे त्याला विचार, मग टाक.” या लेखातील सारा विचार त्या दोन प्रश्नांतून निघालेला आहे.

पैजेच्या बाजूने पहिला युक्तिवाद परंपरेचा केला जातो. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळताना कोरलेली आहेत. मग आम्हांलाच दोष का? हे खरे आहे, परंतु अर्धेच खरे आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. त्यात घरदार गमावलेला जुगारी स्वतःच आपली दैना सांगतो आणि शेवटी फासे टाकून शेती करण्याचा उपदेश येतो. परंपरेने द्यूत पाहिले होते, आणि त्याचा शेवटही पाहिला होता.

स्मृतिकार तर याहून पुढे गेले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दोन निरनिराळे शब्द आहेत. निर्जीव वस्तूंनी खेळावयाचे ते द्यूत, आणि सजीव प्राण्यांवर पैज लावावयाची तो समाह्वय. राजाने दोन्ही बंद करावीत, असे मनूचे मत. कौटिल्याचे मत निराळे. त्याने द्यूताध्यक्ष नेमून खेळ एका ठिकाणी आणावयास आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावयास सांगितले आहे. बंदी घालावी की देखरेखीखाली चालू द्यावे, हा आजचा वाद म्हणजे त्याच जुन्या वादाची नवी आवृत्ती होय.

मला त्यांतील समाह्वय हा शब्द फार मोलाचा वाटतो. फाशाला मन नसते. त्यावर पैसे लाविल्याने फासा बिघडत नाही. परंतु माणसावर पैसे लाविले की आपण माणसाचा फासा करितो. त्या दिवशी टेकडीवर माझे तेच झाले होते. तो गोल करणारा तरुण माझ्या लेखी खेळाडू उरला नव्हता. तो उलटा पडलेला फासा होता.

हा बिघाड पाहणाऱ्याच्या मनातच राहतो असेही नाही. अमेरिकेत महाविद्यालयांचे सामने हा राष्ट्रीय उत्सवच आहे. तेथील महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना १८६९ साली झाला. पुढे अनेक दशके अजिंक्य कोण, हे मैदानावर न ठरता मतांवर ठरे. १९३६ पासून एका वृत्तसंस्थेने त्यासाठी पत्रकारांची नियमित मतगणना चालविली, आणि एका वर्षी दोन महाविद्यालयांनी अजिंक्यपद सांगावे असेही घडे. एवढ्या अनिश्चित गोष्टीवर पैजा लागणे ओघानेच आले. तेथे केवळ कोण जिंकेल यावर नव्हे, तर किती गुणांनी जिंकेल यावरही पैसे लावितात. त्यातून काय उद्भवले, ते १९५१ साली बास्केटबॉलच्या खेळात उघडकीस आले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९५० साली देशातील दोन्ही मोठी अजिंक्यपदे एकाच मोसमात मिळविली होती. त्या संघातील काही विद्यार्थ्यांनी सट्टेवाल्यांकडून पैसे घेऊन सामन्यांतील गुणांचे अंतर कमीजास्त केल्याचे सिद्ध झाले. इतर महाविद्यालयांचे खेळाडूही त्यात सापडले.

येथे थोडे थांबून विचार करावा. अशा विद्यार्थ्याला नेहमीच ‘तू हर’ असे सांगावे लागत नाही. ‘तू जिंक, पण थोड्या गुणांनी जिंक’ एवढे पुरते. त्याला वाटते, माझे महाविद्यालय तर जिंकलेच, मग मी कोणाचे काय बिघडविले? पाप जेव्हा विजयाच्या वेषात येते, तेव्हा त्याला ओळखणे फार कठीण. कागदावर त्याचा संघ जिंकला; परंतु मैदानावर जे घडले तो खेळ नव्हता, खेळाचे सोंग होते.

खेळ बिघडावयास पैजच हवी असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्या शेजारच्या गोव्यात २००४ साली खालच्या श्रेणीतील दोन फुटबॉल सामने ५५–१ आणि ६१–१ अशा गोलसंख्येने संपले. वरच्या श्रेणीत कोणी जावयाचे ते गोलांच्या फरकावर ठरणार होते. कोणाचाही विश्वास बसला नाही; चारही संघांवर एक वर्षाची बंदी आली. म्हणजे पदाचा लोभही खेळाला खोटे करितो. तथापि पदाचा लोभ निदान मैदानावरच्यांना असतो. पैज तो लोभ मैदानाबाहेरच्या हजारो माणसांस वाटून देते.

याच्या उलट १९११ सालचा जुलै आठवावा. कलकत्त्यास मोहनबागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २–१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. शंभर वर्षे उलटून गेली तरी तो विजय लोक सांगतात. त्या आनंदाचे मोल पैशात होणारे नव्हते, म्हणूनच तो अद्याप खर्ची पडला नाही. कोल्हापुरातही कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढिले आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांची माणसे लोटतात. त्या ईर्षेत कधी भांडणेही होतात. परंतु ईर्षा आपल्या माणसांसाठी असते. पैज केवळ स्वतःसाठी.

आता दुसरा युक्तिवाद. हे दैव नव्हे, कौशल्य आहे, असे म्हणतात. न्यायालयांनीही हा भेद मानिला आहे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही असे ठरविले. १९९६ साली त्याच न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतींत कौशल्याचा भाग प्रधान असल्याचे मानिले. कायद्याच्या दृष्टीने भेद योग्य असेल. परंतु नीतीच्या दृष्टीने कौशल्याने दोष कमी होतो काय? हस्तिनापुरच्या सभेत कुशल कोण होता? शकुनी. अकुशल कोण होता? युधिष्ठिर. जाणत्याने अजाणत्यास पटावर बसवावे आणि त्याचे सर्वस्व घ्यावे, हा कौशल्याचा गौरव नव्हे. मैदानावर कुशल खेळाडू दुबळ्यास हरवितो, तेव्हा दुबळा घरी काहीतरी शिकून जातो. पैजेत हरलेला काहीच शिकत नाही; तो फक्त पुन्हा लावितो.

तिसरा युक्तिवाद सर्वांत बळकट. पैसे माझे, इच्छा माझी, हरणाऱ्याचीही संमती. मग अन्याय कोणावर? ‘पैसे माझे’ यास द्रौपदीने त्याच सभेत उत्तर मागितले होते. स्वतःला आधी हरलेल्या माणसास मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा तिचा प्रश्न भीष्मांसही सुटला नाही. संसारी माणसाच्या खिशातील पैसा एकट्याचा नसतो. माझे २०० रुपये तरी कोठे माझे होते? ती अण्णांच्या पूजेची दक्षिणा होती.

राहिली संमती. माझ्या मते सारे मर्म येथे आहे. दान देणारा ‘हे तुझे होवो’ अशा इच्छेने देतो. व्यापारात देणारा मोबदल्यात हवी ती वस्तू घेतो. पैजेत हरणारा मात्र ‘हे मला द्यावे न लागो’ अशी प्रार्थना करीतच पैसे मांडतो. त्याने खेळण्यास संमती दिली, देण्यास नव्हे. जिंकणाऱ्याच्या हाती जे पडते ते राजीखुशीने सुटलेले धन नसते. चोरी नव्हे हे खरे. पण दानही नव्हे, वेतनही नव्हे, विनिमयही नव्हे.

कोणी म्हणेल, शेतकरीही पावसावर पैजच लावितो. नाही. त्याच्या साहसातून धान्य उपजते. शेजाऱ्याचे पीक बुडाले म्हणून त्याचे पिकत नाही. पैजेतून तांदळाचा एक दाणाही वाढत नाही. जे असते तेच एका घरातून दुसऱ्या घरात जाते, आणि मधला मनुष्य आपला भाग काढून घेतो.

कायद्याकडे पाहावे तर तोही हेलकावे खात आला. कर्नाटकाने २०२१ साली पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली. २०२२ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला आणि अशा ऑनलाईन खेळांच्या बाबतीत कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूस ठेविला. अमेरिकेत मात्र २०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सट्ट्यावरचे केंद्रीय निर्बंध उठविले. कायदा आज दार लावील, उद्या उघडील. आपल्या अंगणातील दाराची कडी मात्र आपल्याच हातात असते.

तेव्हा देणगीविषयी माझे नम्र मत असे की ती घेऊ नये. हे लिहिताना मला मुलांची अडचण दिसते. चेंडूला पैसे लागतात, बुटांना लागतात. कित्येक मुले गोव्यात मजुरीला असून खेळासाठी सुट्टी काढून येतात. देणगी नाकारल्याने पैजा थांबतील असाही माझा भ्रम नाही. कुंपणाच्या पलीकडे त्या लागतीलच. परंतु देवाच्या नावाने मांडलेला खेळ पैजेच्या दिव्यांत खेळला गेला, तर पैज घेणारा आणि आपण यांत कुंपण उरणार नाही. त्या गृहस्थांचाही मी तिरस्कार करीत नाही. ते विकतात ते मी एकदा विकत घेतले आहे. सामने दिवसा व्हावेत, बक्षीस ढाल आणि नारळाचे असावे, आणि दोन्ही संघांस एकाच पंगतीत महाप्रसाद असावा. चेंडूंसाठी घरटी वर्गणी काढावी. कोणी दहा रुपये देईल, कोणी शेरभर तांदूळ देईल. पण देणाऱ्याचे तोंड आपण पाहिलेले असेल.

ते ७०० रुपये अद्याप घरात आहेत. अण्णांनी ते एका पाकिटात घालून पंचांगात ठेविले आणि पाकिटावर ‘धनी अज्ञात’ असे लिहिले. पाडव्याला नवे पंचांग आले की ते पाकीट मीच जुन्यातून काढून नव्यात ठेवितो. आजवर तीन पंचांगे बदलली. धनी अद्याप सापडलेला नाही.