डाव संपल्यावर

अनेक देशांत पोकर हा पत्त्यांचा खेळ आता संगणकावर पैसे लावून खेळला जातो. खेळ आटोपल्यावर पुष्कळ खेळाडू प्रत्येक डावाची नोंद उघडून बसतात. त्यांतले जाणते ‘जिंकलो की हरलो’ असे विचारीत नाहीत. ‘त्या वेळी जे ठाऊक होते, त्यावरून निर्णय योग्य होता काय?’ असे विचारतात. कारण हाती दोन एक्के व समोर दोन राजे असले, तरी शंभरांत सुमारे १८ वेळा एक्केवाला हरतोच.

हा विवेक आपल्यापाशी सहसा नसतो. १९८८ साली बेरन व हर्शी या अमेरिकन संशोधकांनी लोकांपुढे एका शस्त्रक्रियेचा प्रसंग ठेवला. माहिती तीच, डॉक्टरांचा निर्णयही तोच. पण रोगी वाचल्याचे कळताच लोकांना तो निर्णय अधिक चांगला वाटला, दगावल्याचे कळताच वाईट.

आपणही असेच न्यायाधीश होतो. दारू पिऊन गाडी हाकणारा सुखरूप घरी पोहोचला की आपली चूक विसरतो. उलट, सर्वांच्या सल्ल्याने आईची शस्त्रक्रिया करविली आणि ती गेली, की मुलगा जन्मभर स्वतःला दोष देतो. दोन्ही निवाडे खोटे होत.

मात्र खेळाडूच्या तपासणीतही एक उणीव राहू शकते. तो शंभर डाव तपासतो. पण घरखर्चाचे पैसे घेऊन मुळात खेळायला का बसलो, हा पहिला निर्णय त्या नोंदीत नसतो. आपणही रोजच्या बारीकसारीक चुका मोजतो, आणि त्या ज्या निर्णयातून निघाल्या त्याला हात लावीत नाही. आत्मपरीक्षण तेथून सुरू व्हावे.